स्मरणिकेत न छापलेला इतिहास

संघटनेला पंचवीस, पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षं झाली की स्मरणिका निघते. तिची मांडणी गावोगाव सारखीच असते. सुरुवातीला मंत्रिमहोदयांचा शुभेच्छासंदेश, मग आजी-माजी अध्यक्षांचे फोटो, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, रक्तदान शिबिराची छायाचित्रं, सभासदांच्या गुणवंत पाल्यांची यादी, एखादी कविता. आणि या सगळ्याचा छपाईखर्च उचलणाऱ्या जाहिराती: सहकारी बँकेची, औषध कंपनीची, सिमेंटची, कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानाची, संघटना ज्या व्यवसायाची असेल त्याप्रमाणे. अशा स्मरणिकांना हसणं सोपं आहे. मला मात्र त्या वाचायला आवडतात. तालुक्याच्या गावात वकिली कधी सुरू झाली, पहिलं एक्स-रे मशीन कुणी आणलं, बार रूमला जागा कुणी दिली, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं.

दोन गोष्टी मात्र त्यांत जवळजवळ कधीच सापडत नाहीत. संघटनेत कुणाला घेतलं नव्हतं, ही एक. आणि बाहेरच्या माणसाने, म्हणजे पेशंटने, पक्षकाराने किंवा ग्राहकाने, सभासदाविरुद्ध तक्रार आणली तेव्हा संघटना कशी वागली, ही दुसरी. व्यावसायिक संघटना दोघांना बांधील असते: वर्गणी भरणाऱ्या सभासदाला, आणि ज्याच्या गरजेवर तो व्यवसाय चालतो त्या परक्याला. वर्धापनदिन साजरा होतो तो पहिल्याचा. दुसऱ्याशी व्यवहार कसा झाला हे पाहिल्याशिवाय पन्नास किंवा शंभर या आकड्याला अर्थ येत नाही, असं मला वाटतं. महाराष्ट्रातल्या आणि थोड्याफार गोव्यातल्या संघटनांचा हा आढावा त्या दुसऱ्याच्या बाजूने घेतलेला आहे.

संघटना सहसा सुखाच्या दिवसांत निघत नाही. कुणीतरी दार लावून घेतलेलं असतं, नाहीतर पोटावर गदा आलेली असते. मुंबईत १८३६ साली निघालेलं बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स मुख्यतः युरोपीय व्यापाऱ्यांचं होतं. देशी व्यापाऱ्यांचं इंडियन मर्चंट्स चेंबर यायला १९०७ उजाडलं. त्याच सुमाराला, १९०८ मध्ये, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात व्यापाऱ्यांनी आपली संस्था काढली. आजच्या गोवा चेंबरचं मूळ तेच. पुढे वालचंद हिराचंदांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर उभं केलं, आणि पुण्यात आ. रा. भटांनी १९३४ मध्ये मराठा चेंबर. मराठी माणसाने धंदा करावा हे तेव्हा भाषणात बोलायचं वाक्य होतं, ते कचेरीत आणून बसवण्याचं काम या दोन संस्थांनी केलं.

डॉक्टरांचंही तेच. वैद्यकसेवेतल्या वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असायच्या त्या काळात, १८८३ मध्ये, बॉम्बे मेडिकल युनियन स्थापन झाली. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले हे डॉक्टर आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध एकत्र येत असताना वैद्यमंडळी आणखी खालच्या पायरीवर होती. नाशिकला १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात केली, तेव्हा प्रश्न विद्येच्या अभिमानाचा होता तितकाच पोटाचा होता. पाचच वर्षांनी, १९१२ मध्ये, मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि वैद्य त्या नोंदणीच्या बाहेर राहिले. त्यांच्यासाठी नोंदवही उघडायला १९३८ चा कायदा यावा लागला. एका संघटनेच्या विजयात दुसऱ्या कुणाचं तरी दार बंद होतं. स्मरणिका फक्त विजयाचं साल देते.

वास्तुविशारदांची कहाणी त्यातल्या त्यात सौम्य. जे. जे. कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये एक छोटं मंडळ काढलं. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे जॉर्ज विटेट त्याचे पहिले अध्यक्ष. त्याच मंडळाची १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. एका कॉलेजातल्या मित्रांचा कट्टा बारा वर्षांत देशव्यापी संस्था झाला, ही वाढ हेवा वाटावी अशी आहे.

आता थोडं कायद्याकडे वळू, कारण इथे सामान्य माणसाची हमखास फसगत होते. बार असोसिएशन वेगळी आणि बार कौन्सिल वेगळी. इंडियन मेडिकल असोसिएशनची शाखा वेगळी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल वेगळी. असोसिएशन ही राजीखुशीची संस्था. वर्गणी भरा आणि सभासद व्हा. कौन्सिल कायद्याने जन्माला आलेली. तिच्या नोंदवहीत नाव नसेल तर व्यवसायच करता येत नाही. वकिलाची सनद देणं आणि काढून घेणं १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिलच्या हाती आहे. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा यांचं कौन्सिल एकच. तेव्हा तालुक्याच्या बार असोसिएशनकडे वकिलाची तक्रार घेऊन गेलेल्या पक्षकाराला तिथले पदाधिकारी ‘हे आमच्या अधिकारात नाही’ असं सांगतात, ते खोटं नसतं.

पण ते पुरतं खरंही नसतं. कौन्सिलवर निवडून जातात ते याच व्यवसायातले लोक, आणि त्यांची पॅनेलं उभी राहतात संघटनांच्या जोरावर. न्यायाधीश निवडायचा अधिकार आरोपीच्या भावकीकडे असावा, तशी ही रचना आहे. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी १९९२ मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची निवडणूक वैद्यकीय नीतीच्या मुद्द्यावर लढवून पाहिली. यश आलं नाही, निवडणुकीच्या पद्धतीवरून वादही बरेच झाले. पण त्या खटपटीतून फोरम फॉर मेडिकल एथिक्स उभा राहिला आणि १९९३ मध्ये त्यांचं नियतकालिक सुरू झालं. आज ते इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स या नावाने ओळखलं जातं. निवडणूक हरलेल्या मूठभर डॉक्टरांनी व्यवसायाचं जे भलं केलं, ते जिंकलेल्या कित्येक पॅनेलांना जमलेलं नाही.

संघटनेचा रोजचा संसार मात्र नीतीवर चालत नाही, तो कागदावर चालतो. आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करायचा. निवडणुकीत हरलेला गट त्यावर हरकत घेतो, आणि मग नवी कार्यकारिणी पुन्हा जुनी होईपर्यंत तो अर्ज पडून राहतो. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या अनेक संघटनांच्या पोटात असा एखादा अर्ज असतोच. वार्षिक सभेचं म्हणाल तर इतिवृत्तातलं एक वाक्य महाराष्ट्रभर पाठ आहे: गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली. त्या अर्ध्या तासात चहा होतो, ताळेबंद मंजूर होतो आणि खजिनदार पुन्हा तोच राहतो, कारण दुसऱ्या कुणाला तो नको असतो. या खजिनदारांबद्दल मला मनापासून आदर आहे. पावतीपुस्तकं सांभाळणाऱ्या अशा एक-दोन माणसांच्या जिवावर संस्था चाळीस-चाळीस वर्षं टिकतात.

संघटनेची सर्वांत निर्मळ बाजू विद्येची. बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी ६ जुलै १९४९ ला सुरू झाली, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट्सची वैधानिक संस्था अस्तित्वात आली त्याच आठवड्यात. वैधानिक संस्था असताना वेगळी सोसायटी कशाला, याचं उत्तर तिने पाऊणशे वर्षं कामातून दिलं आहे: व्याख्यानं, अभ्यासमंडळं, निवासी अभ्यासवर्ग आणि नियमित निघणारं जर्नल. कायदा बदलला की चार दिवसांत त्यावर बोलणारं माणूस व्यासपीठावर हजर, ही शिस्त अवघड आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कर सल्लागारांच्या संघटनाही वस्तू व सेवा कर आला त्या २०१७ च्या वर्षात खऱ्या अर्थाने शाळा झाल्या होत्या. या शाळेत फायदा सभासदाचा असतो आणि ग्राहकाचाही, म्हणून तिच्याबद्दल वाद नाही.

डॉक्टरांच्या शाळेत मात्र फी तिसराच भरतो. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. त्यासाठी परिषदा आणि व्याख्यानं हवीत, त्यांना हॉल आणि जेवण हवं, आणि त्याचा खर्च बऱ्याचदा औषध कंपनीकडून येतो. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने डिसेंबर २००९ मध्ये नियम केला की डॉक्टरांनी आणि त्यांच्या संघटनांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार घ्यायचा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या नियमातून ‘संघटना’ तेवढी वगळली. एकट्या डॉक्टरने घेतलं तर गैरवर्तन. दोनशे डॉक्टरांनी संस्थेच्या नावाने घेतलं तर प्रायोजकत्व. तिच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा कडक नियम आणले: औषध कंपन्यांनी पैसा पुरवलेल्या परिषदांपासून दूर राहा, जेनेरिक नावाने औषध लिहा. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि त्याच महिन्यात नियम स्थगित झाले. जेनेरिक औषधांच्या दर्जाबद्दल संघटनांचा आक्षेप होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण परिषदांच्या जेवणाचं काय, यावर मी तरी कुठल्या शाखेचा ठराव वाचलेला नाही.

इथून आपण वादाच्या मधोमध येतो. सभासदावर संकट आलं की संघटना धावते, तिने धावायलाच हवं. रुग्णालयांवर हल्ले वाढले तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी नेट लावला आणि महाराष्ट्रात २०१० मध्ये त्यासाठी वेगळा कायदा झाला. कुणाच्याही अंगावर जमाव चालून येऊ नये, यात दुमत कसलं? पण संकट म्हणजे प्रत्येक वेळी जमाव नसतो. कधी ते एखाद्या पेशंटचा साधा अर्ज असतं.

मूळ ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. डॉक्टर त्याखाली येतात का, हा प्रश्न इंडियन मेडिकल असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १३ नोव्हेंबर १९९५ ला ती हरली. पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवा आहे, त्यात कसूर झाली तर ग्राहक मंचाकडे दाद मागता येईल, असं न्यायालयाने सांगितलं. त्याच सुमाराला मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला त्याच्या केसपेपरची प्रत मिळालीच पाहिजे, असा निर्णय दिला. आज आपण रुग्णालयाच्या खिडकीवर हक्काने कागद मागतो, तो हक्क कुणीतरी कोर्टात भांडून आणलेला आहे. एखाद्या वैद्यकीय संघटनेने आपल्या महोत्सवी वर्षात तो भेट म्हणून जाहीर केला असता तर त्या वर्षाला शोभा आली असती.

वकिलांच्या बाबतीत चक्र उलटं फिरलं. त्यांची सेवा ग्राहक कायद्यात बसते की नाही हा खटला बरीच वर्षं चालला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ‘बसते’ म्हटलं होतं. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘बसत नाही’ असा निकाल दिला. वकिलावर पक्षकाराचं थेट नियंत्रण असतं, हे नातं निराळं आहे, असं त्यामागचं एक कारण. डॉक्टरांबद्दलचा १९९५ चा निकालही मोठ्या पीठाने पुन्हा तपासावा, असं त्याच निकालात सुचवलं गेलं. निकाल कायद्याच्या कसोटीवर बरोबर की चूक, हे ज्यांनी त्यांनी ठरवावं. मला प्रश्न पडतो तो पुढचा. ग्राहक मंचाची वाट बंद झाल्यावर चुकार वकिलाला जाब विचारायला उरलं बार कौन्सिल, आणि दिवाणी कोर्ट. म्हणजे कौन्सिलची शिस्तपालन समिती आता पूर्वीपेक्षा जास्त जागी हवी. त्या निकालानंतर बार रूममध्ये पेढे वाटताना हे किती जणांच्या मनात आलं असेल?

व्यापारी संघटनांचा प्रकार जरा उघड असतो. गोव्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेचं उदाहरण घ्या. कंपनीला गोव्यात नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आधी संघटनेचं ना-हरकत पत्र हवं, नफ्याचं प्रमाण संघटना सांगेल तेच, अशी पद्धत होती. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये संघटनेला दंड केला. सभासदांच्या नजरेतून ही एकी होती. नव्या दुकानदाराच्या आणि औषध घेणाऱ्याच्या नजरेतून ती मक्तेदारी होती. मी इथे पदाधिकाऱ्यांना खलनायक ठरवणार नाही. घाऊक व्यापारात बड्या कंपनीपुढे एकटा दुकानदार चिरडला जातो, त्यातून ही पद्धत आलेली असते. पण एकीचा आधार आणि एकीचा दट्ट्या यांच्यामधली रेघ आतून दिसत नाही. ती बाहेरच्याने दाखवावी लागते.

या आढाव्यातला सर्वांत अवघड विषय गर्भलिंगनिदानाचा. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९८८ चा कायदा घडवला स्त्री-संघटनांनी आणि आरोग्यक्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी. त्यांत डॉक्टरही होते, पण व्यक्ती म्हणून. सहा वर्षांखालच्या मुलींचं दर हजार मुलग्यांमागचं प्रमाण राज्यात २००१ च्या जनगणनेत ९१३ होतं, २०११ मध्ये ते ८९४ वर आलं. कायदा असताना घसरलं. सोनोग्राफीचं मशीन आपोआप चालत नाही. प्रत्येक यंत्रामागे एक नोंदणीकृत व्यावसायिक होता, आणि बहुतेक कुठल्या ना कुठल्या संघटनेचा सभासद होता.

संघटनांनी काय केलं? मुलगी वाचवा अशा फेऱ्या काढल्या, पोस्टरं लावली. आणि कायद्याच्या अंमलबजावणीविरुद्ध लढल्या. फॉर्म भरण्यातल्या किरकोळ चुकीवरून मशीनला सील लागतं, गुन्हेगार आणि गाफील कारकून यांना एकच शिक्षा होते, ही रेडिओलॉजिस्टांची तक्रार. २०१६ मध्ये पुण्यातल्या रेडिओलॉजिस्टांनी काम थांबवलं आणि १ सप्टेंबरला बंद देशभर झाला. स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली: नोंद हाच या कायद्याचा कणा आहे, ती नसेल तर गुन्हा सापडायचा कसा, असा निकालाचा आशय. संघटनांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. अधिकाऱ्यांनी फॉर्ममधल्या रिकाम्या रकान्यावर मर्दुमकी दाखवल्याची उदाहरणं आहेतच. पण गावात कोण काय करतं हे गावातल्या डॉक्टरांना ठाऊक असतं. तपासनीस अधिकाऱ्याआधी शाखेच्या अध्यक्षाला ठाऊक असतं. किती शाखांनी आपल्या सभासदाचं नाव आपणहून कळवलं? त्या दहा वर्षांच्या स्मरणिकांमध्ये हा रकाना कोरा आहे.

असं कधी होतच नाही, असं मात्र नाही. १९९५ मध्ये बॉम्बे बार असोसिएशनने मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या मुख्य न्यायमूर्तींना राजीनामा द्यायला लावला. परदेशी प्रकाशकाकडून पुस्तकासाठी मिळालेल्या मोठ्या रकमेबद्दल असोसिएशनचे आक्षेप होते. इक्बाल छागला तेव्हा अध्यक्ष होते. ज्या न्यायमूर्तींपुढे रोज उभं राहायचं त्यांच्याविरुद्ध बोलायला धैर्य लागतं. सर्वोच्च न्यायालयाने नंतर असोसिएशनच्या मार्गाला आळा घातला, तक्रार सरन्यायाधीशांकडे न्यावी असं सांगितलं, आणि न्यायव्यवस्थेच्या अंतर्गत चौकशीच्या पद्धतीचा उगम त्यात आहे. संघटनेला वाटलं तर ती व्यवसायाची राखण करू शकते, याचा हा पुरावा. फक्त हे बोट न्यायासनाकडे गेलं होतं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याकडे वळवायला ते अधिक जड होतं.

आत कुणाला घेतलं नव्हतं, हा दुसरा कोरा रकाना. स्त्रियांना वकिली करायची कायदेशीर आडकाठी दूर झाली १९२३ च्या कायद्याने. मिठन टाटा, पुढे मिठन लाम, याच सुमाराला बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच न्यायालयात त्याच काळात वकिली सुरू केली. व्यवसायाचं दार कायद्याने उघडतं. कामं कुणाकडे येतात आणि चहाला कोण कुणाला बोलावतं, हे मात्र कायदा ठरवत नाही. शंभर वर्षांनी, मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच आवारातल्या बार असोसिएशनमध्ये कार्यकारिणीच्या किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखायला सांगावं लागलं. माजी अध्यक्षांच्या फोटोंची ती पानं एकदा या नजरेने चाळावीत. हळदीकुंकू आणि महिला दिन यांपलीकडे स्त्री-सभासद कितव्या पानावर भेटते, ते मोजावं.

आता पांढरपेशांना जरा बाजूला ठेवू. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यात नाना पेठ, भवानी पेठ या भागांतल्या हमालांची हमाल पंचायत उभी राहिली. ती बांधणारे बाबा आढाव मूळचे डॉक्टर. दवाखान्यात येणाऱ्या हमालांच्या दुखण्यांचं मूळ पाठीवरच्या शंभर किलोच्या पोत्यात आहे, हे त्यांना दिसलं. त्यावर औषध म्हणून त्यांनी संघटना बांधली, आणि पोतं पन्नास किलोचं असावं ही मागणी पुढे अनेक वर्षं चालवली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले. १९६९ चा माथाडी कायदा या सगळ्या चळवळीचं फळ: मजुरी मंडळाकडे जमा होते, भविष्यनिर्वाह निधी आणि उपचारांची सोय होते, मालक अनेक असले तरी कामगार वाऱ्यावर राहत नाही. त्या कायद्याचा पुढे काही ठिकाणी खंडणीसाठी दुरुपयोग झाला, हेही इथेच नोंदवायला हवं.

हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. स्वस्त, पोटभर जेवण. ते हमालांपुरतं ठेवलं नाही. रिक्षावाला, परगावचा विद्यार्थी, बाजाराला आलेला शेतकरी, कुणीही बसावं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली; कचरा वेचणाऱ्या, बहुतांश दलित, स्त्रियांची. महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र ही तिची पहिली मोठी कमाई, कारण त्याआधी हातात पोतं दिसलं की पोलीस चोर समजत. त्यातूनच २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि या बायका घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. नागरिक आणि कष्टकरी यांच्यात रोज सकाळी दारात हिशेब होतो. कचरा नाही उचलला तर त्याच दिवशी तक्रार. बाहेरच्याला उत्तर देणं ही इथे उपकाराची बाब राहिली नाही, ती कामाचा भाग झाली.

मुंबईच्या डबेवाल्यांचंही असंच. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायाला १९५६ मध्ये ट्रस्टचं रूप आलं. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इथली माणसं, मुकादमाच्या हाताखालचे गट, गटात कमाईची वाटणी. त्यांच्या अचूकतेच्या कथा जगभर सांगितल्या गेल्या, काही फुगवूनही. मला महत्त्वाची वाटते ती जबाबदारीची पद्धत: डबा चुकला तर तो गटाचा डबा चुकला. अर्थात इथेही दार अरुंद आहे. आत येतो तो बहुधा नात्यातला, गाववाला, आणि पुरुष. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि हा व्यवसाय एका दिवसात ठप्प झाला, तो नंतर पुन्हा पूर्वीइतका चालला नाही. ट्रस्ट होता म्हणून मदत निदान मागता तरी आली.

आजच्या तरुण व्यावसायिकाला हे सगळं जुनाट वाटतं. कॉर्पोरेट रुग्णालयात पगारावर काम करणाऱ्या डॉक्टरला शाखेच्या निवडणुकीत रस नसतो, आणि शंका विचारायला व्हॉट्सअॅप गट पुरतो. पण त्याला नोकरीवरून काढलं, किंवा महिन्याला अमुक इतक्या तपासण्या लिहा असा दबाव आला, तर गट काय करणार? मालक-डॉक्टरांच्या वर्चस्वाखालची शाखा तरी काय करणार? या प्रश्नावर जुन्या संघटनांनी अजून हात घातलेला नाही, आणि मला वाटतं पुढची फूट इथूनच पडेल.

आणि चिकाटी? ती व्हॉट्सअॅपवर भागत नाही. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी चार दशकांहून अधिक काळ लावून धरली. औरंगाबादला १९८१ मध्ये न्यायालय आलं, यांना थांबावं लागलं. अध्यक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, ठराव तोच राहिला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. स्थानिक संघटनेने मिळवलेलं एवढं मोठं यश अलीकडे दुसरं नाही. या लढ्यात वकिलांनी वेळोवेळी कामकाजावर बहिष्कारही टाकला. वकिलांना संपाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलेलं. तरी बहिष्कार झाले आणि त्या दिवसांत तारीख पडली ती पक्षकाराचीच.

आता पुण्याचे वकील विचारतात, आमच्या खंडपीठाचं काय. विधिमंडळाचा ठराव तर १९७८ चा आहे. तो वाद चालत राहील. कोल्हापुरात मात्र एक साधी तपासणी करण्याजोगी आहे. मुंबईची फेरी, लॉजचं भाडं, वकिलाची जास्तीची फी हे सगळं पक्षकाराचं वाचेल, हा युक्तिवाद इतकी वर्षं त्याच्या नावाने केला गेला. सावंतवाडीच्या किंवा बार्शीच्या माणसाला त्याच्या अपिलासाठी आज एकूण किती खर्च येतो, किती हेलपाटे पडतात आणि फी किती उतरली, हे सहाही जिल्ह्यांच्या बार असोसिएशनना मिळून एका महिन्यात मोजता येईल. मागणी त्यांनी केली होती, तेव्हा हिशेबही त्यांनीच मांडावा. पक्षकाराला तो मागायला जागा नाही. तो कुठल्याच बार असोसिएशनचा सभासद नाही.